लोणा

गुरुग्राममध्ये फ्लॅट दाखवणारा डीलर आधी लिफ्ट दाखवतो, मग स्वयंपाकघरातली चिमणी चालू करून तिचा आवाज ऐकवतो, मग गच्चीवर नेऊन हवेत हात फिरवत एक्स्प्रेसवे कुठे, मेट्रो कुठे ते सांगतो. तळघराचा विषय तो स्वतःहून काढत नाही. आपण काढलाच तर 'बेसमेंट है जी, बिल्कुल सूखा' म्हणतो. कोरडं आहे का, असं आपण विचारलेलं नसतं. तेव्हाच ओळखावं की आषाढात खाली पंप लागतो.

आमच्याही इमारतीला तळघर आहे. प्लॉटवरच्या अशा चार मजली घरांना इथे 'बिल्डर फ्लोअर' म्हणतात. गाड्यांसाठी खांबांवरची मोकळी जागा, वर एकेक मजला एकेकाचा, आणि सगळ्यांच्या पायाखाली हे तळघर. पार्किंग, पंप, मीटर असल्या कामांचं तळघर चटईक्षेत्राच्या हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे प्लॉट हाती आला की पहिला खड्डा. खड्ड्यात मग पाण्याची टाकी येते, इन्व्हर्टर येतो, कुणाच्या तरी लग्नात आलेला आणि कधीच न उघडलेला डिनर सेट येतो, रात्रपाळीच्या गार्डची खाट येते. भिंतीचा रंग जमिनीपासून गुडघ्यापर्यंत फुगलेला. नखाने टोकरलं की पोपडा सुटतो आणि मागून पांढरी बारीक भुकटी गळते. मी ती जिभेवर ठेवून पाहिली आहे. खारट. पुण्या-साताऱ्याकडच्या कुठल्याही बाईने लांबूनच सांगितलं असतं, भिंतीला लोणा लागलाय. इथे त्याला शोरा म्हणतात आणि दर दिवाळीला त्यावर वॉटरप्रूफिंगचा नवा हात मारतात. होळीला पोपडे परत हजर.

खरं तर या शहराखाली पाणी उरलेलंच नाही, निदान हाताशी येईल असं. बोअर खोल खोल जात राहिली आणि शेवटी 2012 मध्ये उच्च न्यायालयाला बांधकामासाठी भूजल वापरायला बंदी घालावी लागली. तरीही तळघरं भरतात, कारण अरवलीच्या उतारावरून येणारा पाऊस अडवायला घाटा, झाडसा, चक्करपूर इथे जे जुने बांध होते, त्यांच्या पोटात आता सेक्टर वसले आहेत. पावसाला ही बातमी कुणी कळवलेली नाही. तो जुन्याच वाटेने येतो आणि जिथे खड्डा दिसेल तिथे मुक्काम करतो.

मिठाचं म्हणाल तर ते विटेतून येतं, वाळूतून येतं, जमिनीतून येतं. पण या भागात त्याचं माहेर कुठे, हे बघायचं तर पश्चिमेला वीसेक किलोमीटर जावं. सुलतानपूरच्या पक्ष्यांच्या तळ्यावरून रस्ता पुढे फर्रुखनगरला जातो.

हे गाव 1732 सालचं. फौजदार खान नावाच्या मोगल अमलदाराने ते वसवलं, पुढे तोच इथला पहिला नवाब. नाव दिलं ते फर्रुखसियर बादशहाचं, ज्याला 1719 मध्ये सय्यद बंधूंनी तख्तावरून खेचलं. त्या वेळी सय्यदांच्या पाठीशी बाळाजी विश्वनाथाची फौज दिल्लीत तळ देऊन होती आणि चौथाई-सरदेशमुखीचं काम करूनच ती परतली. म्हणजे ज्याला हटवण्यात आपलाही हातभार होता, त्याच्या नावाचं हे गाव. ते वसलं त्याच वर्षी, 22 जानेवारी 1732 ला, पुण्यात शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली. पाच वर्षांनी बाजीराव दिल्लीला धडक देऊन रेवाडीच्या वाटेने माघारी वळला, तेव्हा त्याची घोडी इथून फार लांबून गेली नसणार. आणि 1803 च्या डिसेंबरात सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांचा जो मुलूख कंपनीकडे गेला त्यात गुडगाव होतं. वऱ्हाडातल्या एका गावात बसून गुडगावचा सातबारा फिरला! मी हे इथल्या शेजाऱ्यांना मोठ्या उत्साहाने सांगते. ते 'अच्छा जी' म्हणतात आणि पार्किंगच्या भांडणाकडे वळतात.

गाव मात्र जगलं ते नवाबीवर कमी आणि मिठावर जास्त. फर्रुखनगर-सुलतानपूरच्या पट्ट्यात विहिरींना लागायचं ते मिठवणी. बैल जुंपून ते उपसायचं, चुन्याने गिलावा केलेल्या उथळ खाचरांत सोडायचं, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवायचं, आणि बाकीचं काम वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हावर सोपवायचं. तळाशी मीठ धरायचं. 'सुलतानपुरी' म्हणून ते दिल्लीच्या बाजारात ओळखीचं होतं. जे पाणी पिता येत नाही, ज्यावर गहू पिकत नाही, त्याच पाण्यावर पेढ्या उभ्या राहिल्या, हवेल्या उठल्या, देवळं झाली.

दिल्ली दरवाजातून आत शिरलं की पहिली गोष्ट कळते ती ही की तट आता सलग उरलेला नाही, पण गेलेलाही नाही. कुणाच्या परसात त्याचा बुरूज आहे, कुणाच्या गोठ्याची मागची भिंत म्हणजे तोच. शीशमहाल गावाच्या मध्यात. तांबड्या दगडाचा, विटांचा, मागच्या भिंतीवर आरशांचं काम, अंगणातून पाण्याचा पाट. त्याच आवारात 1857 च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. नवाब अहमद अली खानाला जानेवारी 1858 मध्ये चांदणी चौकात फाशी दिलं, त्याच्या आधी झज्जरच्या नवाबाला आणि बल्लभगडच्या राजाला. महिन्याभरात दिल्लीच्या आसपासची तीन घराणी संपवली. महाल चांगला आहे. पण माझं मन अशा ठिकाणी वरच्या मजल्यावर रमत नाही. मला गल्लीत, घोट्याएवढ्या उंचीवर, हवेल्यांच्या जोत्यात सोडलेल्या छोट्या जाळ्या दिसल्या होत्या. जाळी एवढ्या खाली असेल तर तिच्यामागे खोली असणारच.

एका हवेलीच्या दारात बसलेल्या ताईंनी 'अंदर के देखोगे, तूड़ी पड़ी है' म्हणत का होईना, कुलूप काढलं. पायऱ्या उंच आणि अरुंद. सातव्या-आठव्या पायरीला कानावरचा रस्ता बंद झाला आणि अंगावरचा घाम गार पडला. खाली गुरांसाठीच्या भुशाची पोती, दोन पत्र्याच्या ट्रंका, एक मोडका पाळणा. छत कमानदार, हात वर केला तर लागेल असं. 'सासू जेठ में यहीं सोया करती,' ताई वरूनच म्हणाल्या. त्या स्वतः कधी झोपल्या नाहीत; त्यांचं लग्न झालं तेव्हा घरात पंखा आला होता.

मोबाइलचा उजेड भिंतीवर धरला. विटा दोन बोटं जाड, तळहाताएवढ्या. उत्तर हिंदुस्थानात यांना लखौरी म्हणतात. दोन विटांमधला चुन्याचा थर जवळजवळ विटेइतकाच जाड, आणि गुलाबी, कारण त्यात सुरखी, म्हणजे विटांचा चुरा मिसळलेला. भिंतीत या विटा निजून असतात. कमान सुरू होते तिथे त्या कडेवर उभ्या राहतात आणि माथ्यापर्यंत एकमेकींचा आधार घेत वळत जातात. आजची जाड वीट अशी वळवायची तर तासून पाचरीचा आकार द्यावा लागतो. लखौरीला तासावं लागत नाही, कारण ती इतकी पातळ असते की वळण विटेला घ्यावंच लागत नाही, चुना घेतो. खालच्या बाजूला सांधा चिंचोळा, वरच्या बाजूला किंचित रुंद, झाली कमान. सगळी गंमत त्या सांध्यात. गवंड्याच्या थापीने कुठे किती चुना सोडला, ते अडीचशे वर्षांनीही मोजता येतं, आणि एका ठिकाणी, जिन्याच्या डोक्यावर, त्याचा अंदाज चुकलेलाही दिसतो. तिथे सांधा एकदम फुगला आहे आणि फट बुजवायला विटेची कपची ठोकली आहे. उकाड्यात, शेवटच्या फेरीला, घरी जायच्या घाईत ठोकली असावी. ती अजून हललेली नाही.

बावडी गावाच्या दुसऱ्या अंगाला, जुन्या तटाला लागून, झज्जरी दरवाजाकडे. फर्रुखसियरच्या काळातल्या गौस अली शाह नावाच्या सरदाराच्या नावाने ती ओळखली जाते आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत आहे. रस्त्यावरून तिचा पत्ताच लागत नाही. आपल्याकडची बारव लांबूनच तोंड उघडून बसलेली असते, पायऱ्या आभाळाला दाखवत. ही तशी नाही. दगडी पायऱ्यांनी कमानीखालून उतरत जायचं आणि एकदम अष्टकोनी कुंडापाशी पोचायचं. भोवती कमानींच्या ओवऱ्या. पाणी भरून न्यायची ही जागाच वाटत नाही. बसायची, पाय सोडायची, दुपार काढायची वाटते. तुर्की हमामाशी तिची तुलना करतात ती त्यामुळेच. मी गेले तेव्हा तळाशी पावसाचं हिरवं पाणी होतं आणि ओवरीत पारव्यांची वस्ती. वर डोक्यावर रस्ता आणि घरं. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिटी झाली ती कुंडात स्पष्ट ऐकू आली.

इथे येणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट सांगितली जाते: शीशमहालापासून बावडीपर्यंत भुयार होतं, जनान्यातल्या बायका उन्हात न येता आंघोळीला यायच्या. असेलही. अंतर थोडं आहे, विटा होत्या, कारागीर होते. पण भुयाराच्या गोष्टी ऐकतच मी वाढले, त्यामुळे माझा कान जरा तिखट झाला आहे. शनिवारवाड्यातून पर्वतीवर भुयार, अमक्या वाड्यातून थेट नदीपर्यंत भुयार, आणि ते नेहमी 'एक घोडेस्वार जाईल एवढं'. घोडेस्वार कशाला जाईल, वर रस्ता असताना, हे कुणी विचारत नाही. पळून जायची वाट प्रत्येक घराला हवी असते, निदान गोष्टीत तरी.

पुण्याच्या पोटात खरोखर होतं ते यापेक्षा मोठं नवल. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या आसपास, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. माणूस आत शिरू शकेल एवढा चुन्यात बांधलेला नळ, त्यावर ठरावीक अंतराने उच्छ्वास, म्हणजे हवा जायला आणि दाब सुटायला ठेवलेली उभी तोंडं, आणि वाटेत पेठापेठांतले हौद. शनिवारवाड्यातली कारंजी याच पाण्यावर उडायची. पंप कुठेच नाही, सगळा उताराचा खेळ. शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्यातही हौद होता. माझ्या लहानपणी तो कोरडा पडलेला, आम्ही त्यात लपायचो आणि भिंतीला कान लावून घोडेस्वार ऐकायचो. 2019 मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या कामात जुन्या पाणीपुरवठ्याचा बोगदा उघडा पडला, तेव्हा बघ्यांची गर्दी झाली. 'गुप्त मार्ग' सापडला म्हणून आलेले लोक, नळ आहे म्हटल्यावर हिरमुसले. मला हे कधी कळलेलं नाही. कुणा राजाच्या पळण्यापेक्षा सबंध शहराच्या घागरी भरणं कमी रोमांचक कसं?

फर्रुखनगरच्या जमिनीखालचं बांधकामही मी तसंच बघते. वर आग, खाली गारवा. वर खारं, खाली साठवलेलं. ही माणसं जमिनीत उतरली ती जमिनीकडून काहीतरी घ्यायला, आणि घेताना तिच्या अटी त्यांना ठाऊक होत्या. पहिली अट मिठाची. ओल विटेतून वर चढणार, तिच्याबरोबर विरघळलेलं मीठ चढणार, हवा लागली की पाणी उडून जाणार आणि मीठ विटेच्या छिद्रांत दाणे धरून बसणार. दाणा मोठा होताना आजूबाजूची माती फोडतो, विटेचा चेहरा झडून पीठ होतो. यावर चुन्याचा उपाय हा की तो अडवत नाही. त्यातून ओल बाहेर पडते, मीठ बाहेर पडतं, आणि झडायचंच असेल तर आधी तो झडतो, वीट वाचते. काही वर्षांनी गिलावा खरवडायचा आणि नवा करायचा. घरात दरसालच्या पापड-लोणच्यासारखं ते एक काम होतं, संपून जाणारं नव्हे.

सिमेंटचा गिलावा या उलट. तो आपल्या जागी पक्का राहतो. ओल त्याच्यामागे कोंडते, बाहेर पडायला वाट नाही म्हणून वर सरकते, आणि सिमेंट जिथे संपतं त्याच्या वर भिंत पोखरते. फर्रुखनगरच्या हवेल्यांत हे सरळ वाचता येतं. जोत्याला कमरेएवढा करडा सिमेंटचा पट्टा, धडधाकट. त्याच्या वर दोन हात विटांचं अक्षरशः पीठ. त्याच्या वर पुन्हा चांगल्या विटा. ज्या मिठाने हे गाव उभं केलं तेच आता ते खातंय, असं म्हणायचा मोह होतो. पण मीठ पहिल्या दिवसापासून खातच होतं. इतकी वर्षं त्याच्या तोंडी चुना दिला जात होता, एवढंच.

मिठाचा धंदा कसा गेला तेही थोडक्यात सांगायला हवं. इंग्रजांनी मिठावर कर बसवलेलाच होता, आणि तो चुकवू नये म्हणून देशाच्या मधोमध काटेरी कुंपणाची चौकीरेषा 1879 पर्यंत राखली. 1873 मध्ये दिल्ली-रेवाडी मीटरगेज सुरू झाली, तेव्हा गढी हरसरूहून एक फाटा फर्रुखनगरला काढला, तो या मिठासाठी. पण रूळ काही एकाच गावाचे नसतात. इंग्रजांनी सांभर सरोवर जयपूर-जोधपूरकडून भाडेपट्ट्याने घेतलं होतंच. रेल्वेने सांभरचं मीठ स्वस्तात दिल्लीला पोचू लागलं आणि सुलतानपुरी मागे पडलं. 1923 पर्यंत इथला धंदा आटोपला. खाचरांच्या पाणथळीवर पुढे पक्षी उतरले. आज सुलतानपूर राष्ट्रीय उद्यान आहे, 2021 पासून रामसरच्या यादीतही. तो रेल्वेफाटाही जिवंत आहे, ब्रॉडगेज होऊन. आता त्यावरून नव्याकोऱ्या मोटारी देशभर जातात. त्यातल्या बऱ्याच कुठल्या ना कुठल्या बेसमेंटमध्येच उभ्या राहत असतील.

परतताना एका पडक्या हवेलीपाशी थांबले. अर्धी कोसळलेली, उरलेली मालकच उतरवून घेत होते. तळघराचं छत उघडं पडलं होतं आणि कमान कापलेल्या जागी विटांच्या उभ्या कडा ओळीने दिसत होत्या. एक मिस्त्री आणि दोन पोरं विटा सुट्या करून, चुना ठोकून काढून, रचून ठेवत होती. चुना सहज सुटत होता. सिमेंटमधून वीट अशी अख्खी निघत नाही, तुटते. मी विचारलं, इथेच परत लावणार का. मिस्त्री हसला. चुना भिजवायचा, मळायचा, मुरवायचा, एवढा वेळ कुणाकडे आहे मैडम जी, मालकाला दिवाळीआधी दुकानाचे गाळे हवेत. मग विटा? त्या गुरुग्रामला जातात. हॉटेलवाले नेतात, कॅफेवाले नेतात, पुराना लुक चाहिए उनको. माझ्याकडे बघून त्याने अंदाज घेतला आणि म्हणाला, तुम्हाला लागत असतील तर ट्रॉलीभर आहेत, सांगा. भिंत बांधायला लागेल तेवढ्या पुरतील का, मी विचारलं. बांधायला कोण नेतं, तो म्हणाला, चिकटवतात. दिसते ती पुढची कडच. मागचं कापून टाकलं की एका विटेत तीन होतात.